धोकादायक औद्योगिक परिसरातील संगणक संरक्षण

धोकादायक औद्योगिक परिसरातील संगणक संरक्षण म्हणजे पाणी, ओलावा, धूळ, उष्णता, गंजकारक वायू, विजेचे उपद्रव आणि ज्वालाग्राही वायू किंवा धूळ असलेल्या जागी संगणक, पडदे, नियंत्रक व त्यांना जोडलेली साधने सुरक्षितपणे चालावीत यासाठी योजले जाणारे उपाय होत. या विषयाला दोन बाजू आहेत. परिसरापासून संगणकाचा बचाव करावा लागतो, तसाच संगणकापासून परिसराचाही. पहिल्या बाबतीत चूक झाली तर यंत्र बंद पडते आणि उत्पादन थांबते. दुसऱ्या बाबतीत चूक झाली तर संगणकातील एखादी ठिणगी किंवा तापलेला भाग कामगारांच्या जिवावर बेतू शकतो. ही दोन्ही कामे वरकरणी सारख्याच दिसणाऱ्या धातूच्या पेट्यांकडून करून घेतली जातात. त्यामुळे पाणी अडवणारी पेटी स्फोटापासूनही संरक्षण देते, असा चुकीचा समज कारखान्यांत सर्रास आढळतो.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका हे या विषयाचे चांगले उदाहरण आहे. अतिवृष्टी, घाटातील विद्युत रेल्वे, महामार्गालगतचे कारखाने आणि भातगिरण्या एकाच तालुक्यात असल्याने संगणकावर येणारी बहुतेक संकटे येथे थोड्या अंतरात पाहायला मिळतात.

इगतपुरीची परिस्थिती

इगतपुरी शहर सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, थळ घाटाच्या तोंडाशी वसले आहे. येथील सरासरी वार्षिक पाऊस ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तेथून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरील नाशिक शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे नाशिकच्या अंबड किंवा सातपूर वसाहतीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेले नियंत्रण पॅनेल इगतपुरीच्या बाजूला आणून बसवले, तर ते तितकेच टिकेल असे गृहीत धरता येत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर दिवसचे दिवस धुके असते आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ राहते. पूर्वेकडे घोटी, गोंदे, वाडीवऱ्हे या दिशेने पाऊस झपाट्याने कमी होतो. तालुक्यातील बहुतेक मोठे कारखाने मुंबई–नाशिक महामार्गाच्या याच पट्ट्यात आहेत. महिंद्रा अँड महिंद्राचा इंजिन कारखानाही इगतपुरी येथे आहे.

तालुक्यातील औद्योगिक जोखीम केवळ कागदोपत्री नाही. १ जानेवारी २०२३ रोजी घोटीजवळील मुंढेगाव येथील जिंदाल पॉलीफिल्म्स या प्लॅस्टिक फिल्म बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन भीषण आग लागली. त्यात कामगारांचे प्राण गेले आणि अनेक जण जखमी झाले. मे २०२५ मध्ये त्याच कारखान्यात पुन्हा मोठी आग लागली. या घटनांचा संबंध संगणकांशी जोडण्याचे कारण नाही. मात्र ज्या परिसरात ज्वालाग्राही द्रव्ये, तापवलेले तेल आणि प्लॅस्टिक एकत्र असतात, तेथे बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक विद्युत उपकरणाचा वेगळा विचार का करावा लागतो, हे त्यांवरून ध्यानात येते.

ओलावा आणि दवबिंदू

पाण्यापासून संरक्षणाची चर्चा सहसा ‘आयपी’ क्रमांकापासून सुरू होते. आयएस/आयईसी ६०५२९ या मानकानुसार या क्रमांकातील पहिला अंक धूळ व घन वस्तूंपासूनचे आणि दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. पहिला अंक ६ असेल तर पेटीत धूळ अजिबात शिरत नाही. दुसरा अंक ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून, ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून, तर ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवल्यावर होणाऱ्या शिरकावापासून संरक्षण. मोठा अंक लहान अंकाला सामावून घेतो, ही समजूत येथे चुकते. ६७ क्रमांकाची पेटी बुडून तग धरेल, पण जोरदार फवाऱ्याखाली तिची चाचणी झालेलीच नसेल. दोन्ही गुण हवे असतील तर दोन्ही क्रमांक स्वतंत्रपणे नोंदलेले असावे लागतात.

इगतपुरीसारख्या ठिकाणी खरी अडचण याहून वेगळी असते. आयपी चाचणी बाहेरून येणारे पाणी तपासते. आतल्या हवेतून तयार होणारे पाणी तपासत नाही. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ९५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. म्हणजे पेटीचा पत्रा किंवा मंडलफलक आसपासच्या हवेपेक्षा केवळ एका अंशाने थंड झाला, तरी त्याच्यावर पाणी जमते. संगणक चालू असतो तेव्हा तो स्वतःच्या उष्णतेने आतली हवा तापवतो आणि हा धोका टळतो. तीच हवा ३५ अंशांपर्यंत तापली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांवर येते, जरी तिच्यातील पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो. त्यामुळे पावसाळ्यात संगणकाला घातक ठरतो तो चालण्यापेक्षा बंद राहण्याचा काळ. साप्ताहिक सुट्टी किंवा लांबलेला वीजखंड यानंतर यंत्र सुरू करताना बिघाड निघतात ते याच कारणाने.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. पेटीत काही दशक वॅटचा तापक बसवून तो आर्द्रतामापी स्विचला जोडतात आणि त्याचा वीजपुरवठा मुख्य स्विचपासून वेगळा ठेवतात. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे. मुख्य स्विच बंद करताच तापकही बंद होत असेल, तर नेमका हवा त्या वेळी तो निरुपयोगी ठरतो. पेटीत टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्या थोडे दिवस काम करतात. संतृप्त झाल्यावर बदलल्या नाहीत तर त्यांचा उपयोग नसतो.

घट्ट बंद केलेली पेटीही श्वास घेते. ६० × ६० × ३० सेंटीमीटरच्या पेटीत सुमारे १०८ लिटर हवा मावते. दिवसा ४५ अंशांवर असलेली आतली हवा रात्री २५ अंशांवर आली, की तिचे आकारमान सुमारे सहा टक्क्यांनी घटते. पेटी पूर्णपणे हवाबंद नसल्यामुळे जवळपास सात लिटर बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यातील अशा हवेत दर लिटरमागे सुमारे २२ मिलिग्रॅम बाष्प असते. एका रात्रीत आत येणारे पाणी दीड दशांश ग्रॅमच्या आसपास, म्हणजे नगण्य वाटते. पण दाराच्या रबरी पट्टीवर किंवा केबल ग्लँडच्या कडेला पावसाचे पाणी साचलेले असेल, तर हवेऐवजी तेच आत शोषले जाते. म्हणून केबल पेटीच्या माथ्यावरून न घेता तळातून घेतात, पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात आणि तळाशी निचऱ्याची श्वसन-गुडदी बसवतात. मंडलफलकावर दिला जाणारा ॲक्रिलिक, सिलिकॉन किंवा युरेथेनचा पातळ लेप हा शेवटचा बचाव असतो. जोडणीची टोके त्याखाली झाकता येत नाहीत, आणि गंज बहुधा तेथूनच सुरू होतो.

उष्णता

पाणी आणि धूळ अडवण्यासाठी पेटी जितकी बंद करावी तितकी आतली उष्णता बाहेर पडणे कठीण होते. या विषयातील हा मूळ पेच आहे. रंगवलेल्या पोलादी पेटीच्या पृष्ठभागातून, पंखा नसताना, दर चौरस मीटरमागे दर अंश फरकाला साधारण साडेपाच वॅट उष्णता बाहेर जाते. वर घेतलेल्या पेटीचा भिंतीला टेकलेली बाजू सोडून उपयुक्त पृष्ठभाग सव्वा चौरस मीटरच्या आत भरतो. तिच्यात १५० वॅटचा संगणक ठेवला, तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे पंचवीस अंशांनी अधिक तापते. उन्हाळ्यात शेडमध्ये ४० अंश असतील तर आत ६० अंशांच्या पुढे तापमान जाते. कार्यालयीन संगणक साधारणतः ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. या उष्णतेत विद्युतपुरवठा भागातील इलेक्ट्रोलिटिक धारित्रांचे आयुष्य झपाट्याने घटते. ढोबळ नियमाने दर दहा अंश वाढीला ते निम्मे होते.

यासाठी कमी वीज खाणारे, पंखा नसलेले औद्योगिक संगणक वापरतात. त्यांचे ॲल्युमिनियमचे कवचच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करते, तर फिरत्या डिस्कऐवजी घनावस्था साठवण असल्याने धक्के व कंपनांचा प्रश्नही सुटतो. अधिक उष्णता असेल तेथे उष्णता-विनिमयक किंवा पॅनेलचा वातानुकूलक लावतात. वातानुकूलक लावलेल्या पॅनेलचे दार पावसाळ्यात उघडे ठेवले, की थंड झालेल्या फलकांवर लगेच दव धरते. दुरुस्तीपूर्वी वातानुकूलक बंद करून आतील तापमान बाहेरच्याइतके होऊ देणे हा त्यामुळे कामाचाच भाग मानला जातो, जरी उत्पादन थांबलेले असताना तेवढा धीर कोणाला नसतो.

धूळ

घोटी ही तांदळाची जुनी बाजारपेठ असून परिसरात भातगिरण्या आहेत. आधुनिक भातगिरणीत रंगावरून दाणे निवडणारे यंत्र असते. त्यातील कॅमेरे घरंगळणाऱ्या प्रत्येक दाण्याचे चित्र टिपतात, संगणक डागाळलेला दाणा ओळखतो आणि हवेचा झोत तो बाजूला उडवतो. एवढी नाजूक यंत्रणा कोंडा आणि तुसाच्या धुळीत चालते. तुसात सिलिका भरपूर असल्याने ती धूळ खरखरीत असते, तर कोंडा तेलकट असल्याने पंख्याच्या पात्यांना आणि उष्णता-पंखांना चिकटून बसतो. पंख्याने हवा आत ओढणारा साधा संगणक अशा ठिकाणी आतून गुदमरतो.

धान्याची, साखरेची, प्लॅस्टिकची किंवा धातूची बारीक धूळ हवेत पुरेशा प्रमाणात मिसळली आणि तिला ठिणगी मिळाली, तर ती स्फोटाने पेटते. साचलेल्या थराचा धोका वेगळा असतो. तापलेल्या पेटीवर बसलेला थर रजईसारखे काम करतो, खालचा पृष्ठभाग आणखी तापतो आणि थर धुमसू लागतो. म्हणूनच धुळीच्या क्षेत्रातील उपकरणाचे पृष्ठतापमान दोन कसोट्यांना उतरावे लागते. ते धुळीच्या ढगाच्या प्रज्वलन तापमानाच्या दोन तृतीयांशाहून कमी असावे, आणि पाच मिलिमीटर थराच्या प्रज्वलन तापमानाहून किमान ७५ अंशांनी कमी असावे. थर याहून जाड साचू दिला तर हा हिशेबच चालत नाही. त्यामुळे केरसुणी आणि निर्वात सफाईयंत्र हीसुद्धा येथे सुरक्षासाधनेच ठरतात. दाबाच्या हवेने धूळ उडवून केलेली सफाई मात्र नेमका तो ढग तयार करते जो टाळायचा असतो.

स्फोटक वातावरण

ज्वालाग्राही वायू हवेत ठरावीक प्रमाणात मिसळला तरच पेटतो. प्रोपेनसाठी ही मर्यादा आकारमानाने सुमारे २ ते ९.५ टक्के आणि हायड्रोजनसाठी सुमारे ४ ते ७५ टक्के आहे. पेटण्यास लागणारी ऊर्जा थक्क करणारी अल्प असते. प्रोपेनला पाव मिलिज्यूलच्या आसपास, तर हायड्रोजनला ०.०२ मिलिज्यूल पुरते. कृत्रिम कापडाचे कपडे घातलेल्या माणसाच्या बोटातून दाराच्या कडीवर उडणाऱ्या ठिणगीत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते.

अशी हवा किती वेळ असण्याची शक्यता आहे, यावरून जागेचे झोन ठरवतात. जेथे ती सतत किंवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामात अधूनमधून असू शकते तो झोन १, आणि नेहमीच्या कामात नसते पण बिघाड झाल्यास थोडा वेळ येऊ शकते तो झोन २. धुळीसाठी हेच टप्पे २०, २१ आणि २२ या अंकांनी दाखवतात. वायूंचे गटही असतात. प्रोपेन दोन-ए गटात, इथिलीन दोन-बी गटात, तर हायड्रोजन व ॲसिटिलीन दोन-सी या सर्वांत कडक गटात येतात. गट एक कोळसा खाणींतील मिथेनसाठी राखून ठेवलेला आहे. उपकरणाचा कोणताही भाग जास्तीत जास्त किती तापेल हे तापमानवर्ग सांगतो. टी-१ साठी ही मर्यादा ४५० अंश, टी-४ साठी १३५ आणि टी-६ साठी ८५ अंश सेल्सिअस असते.

या क्षेत्रांत संगणक वापरण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे ज्वालारोधक आवरण, ज्याला कारखान्यांत फ्लेमप्रूफ म्हणतात. वायू आत शिरणारच, हे गृहीत धरून ते बनवलेले असते. आत स्फोट झाला तरी जाड धातूची पेटी तो सहन करते. दार आणि पेटी यांच्यामधील लांब, अरुंद फटीतून तप्त वायू बाहेर पडताना इतके थंड होतात की बाहेरची हवा पेटत नाही. म्हणजे ही फट हा दोष नसून संरक्षणाचा गाभा आहे. तिच्यात गंज चढला, तिला रंग फासला किंवा वीस बोल्टांपैकी दोन लावायचे राहिले, तर पेटी बाहेरून तशीच दिसते पण ज्वालारोधक राहत नाही.

दुसरा मार्ग आंतरिक सुरक्षिततेचा. यात परिपथातील ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवतात की तार तुटली किंवा दोन टोके एकमेकांना लागली तरी प्रज्वलनक्षम ठिणगी पडत नाही. या विचाराचा उगम ब्रिटनमधील कोळसा खाणींत झाला. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. विद्युत घंटेच्या उघड्या संकेततारांतील ठिणगीने मिथेन पेटला असावा, असा संशय व्यक्त झाला. त्यानंतरच्या संशोधनातून अल्प ऊर्जेच्या सुरक्षित परिपथांची संकल्पना विकसित झाली. संवेदक आणि मापकांसाठी हा मार्ग उत्तम आहे. पूर्ण ताकदीच्या संगणकाला मात्र लागणारी दहापट-वीसपट वीज या मर्यादेत बसत नाही. त्यामुळे धोक्याच्या जागी फक्त पडदा, कळफलक किंवा कमी शक्तीचा हातातला संगणक आंतरिक सुरक्षित बनवतात.

तिसऱ्या मार्गात पेटीत स्वच्छ हवा किंवा नायट्रोजन बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाबाने भरून ठेवतात. हा दाब अगदी थोडा, किमान ५० पास्कल आणि सौम्य प्रकारात २५ पास्कल, म्हणजे काही मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तेवढ्यानेही बाहेरचा वायू आत येत नाही. संगणक सुरू करण्यापूर्वी पेटीच्या आकारमानाच्या अनेक पट हवा आतून वाहू देऊन आधी शिरलेला वायू घालवावा लागतो, आणि दाब उतरल्यास झोननुसार इशारा देणारी किंवा वीज तोडणारी यंत्रणा लागते. धुळीच्या क्षेत्रात हा क्रम बदलतो. तेथे आतली धूळ आधी हाताने काढावी लागते, कारण हवेचा झोत तिचा ढग करील. सामान्य संगणक किंवा मुद्रक या पेटीत तसाच वापरता येतो, हा या मार्गाचा फायदा. इगतपुरीसारख्या दमट ठिकाणी दुसराही लाभ मिळतो. भरलेली हवा कोरडी केलेली असेल, तर दव धरण्याचा प्रश्नही सुटतो. कॉम्प्रेसरची हवा वाळवण्याचे यंत्र बिघडले की मात्र तीच हवा पेटीत पाणी आणून सोडते.

अनुभवी अभियंते यांपैकी काहीही निवडण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारतात: संगणक त्या जागी असण्याची गरजच आहे का? तो सुरक्षित नियंत्रण कक्षात ठेवून ऑप्टिकल फायबरने पडद्याशी जोडता येत असेल, तर निम्मी अडचण संपते. अर्थात फायबरमधून जाणारा तीव्र प्रकाशही तुटलेल्या टोकाशी धूलिकण तापवू शकतो, त्यामुळे त्याच्यासाठीही आयईसी ६००७९-२८ हे स्वतंत्र मानक आहे.

झोनबाहेरचा संगणक

झोनची रेषा नकाशावर असते; वायू ती पाहून थांबत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळील इंडियन ऑइलच्या सीतापुरा आगारात पेट्रोलची मोठी गळती झाली. तासाहून अधिक काळ पसरत राहिलेला बाष्पमेघ पेटून प्रचंड स्फोट झाला आणि अकरा जणांचा मृत्यू झाला. चौकशी समितीने प्रज्वलनाच्या संभाव्य कारणांत प्रशासकीय इमारतीतील ज्वालारोधक नसलेली विद्युत उपकरणे आणि सुरू केले जाणारे वाहन यांचा उल्लेख केला. कार्यालयीन इमारत झोनच्या बाहेर असल्याने तेथे साधी उपकरणे असणे नियमाला धरूनच होते. प्रोपेन, एलपीजी आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत वाहते आणि केबलच्या चरांतून, नाल्यांतून लांबवर पोहोचते. नियंत्रण कक्षात येणारे केबलचे चर वाळूने भरणे आणि भिंतीतील छिद्रे बुजवणे हे काम किरकोळ वाटले तरी ते यासाठीच असते.

संगणकाच्या अखंड वीजपुरवठ्यासाठी लावलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्याही भारित होताना हायड्रोजन सोडतात. हायड्रोजन हलका असल्याने छताशी साठतो. संगणक वाचवण्यासाठी आणलेली यूपीएस खोलीच अशा रीतीने एक छोटे धोक्याचे क्षेत्र बनते. बॅटरी खोलीला छतालगत वायुवीजन लागते, आणि ती वातानुकूलित ठेवून खिडक्या कायमच्या बंद करण्याची प्रथा त्याच्या विरुद्ध जाते.

विजेचे उपद्रव

इगतपुरीपर्यंत रेल्वेचे विद्युतीकरण १९३० मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर झाले. पुढे अनेक दशके मुंबईकडील एकदिश आणि पलीकडील २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाच्या प्रणाली येथे एकमेकींना भेटत होत्या आणि गाड्यांची इंजिने बदलली जात होती. आता मुंबईच्या बाजूलाही २५ किलोव्होल्ट प्रणाली आहे. १ : ३७ चढाच्या घाटात मागून जोर देणारी जादा इंजिने लावावी लागतात. अशा मार्गाशेजारील संदेशकेबलांवर प्रेरित विद्युतदाब येतो. मोठ्या मोटारींचे वेगनियंत्रक असलेल्या कारखान्यांतही हाच प्रश्न लहान प्रमाणात असतो. कवचधारी केबल, वीज व संदेशाच्या केबलांमध्ये अंतर आणि फायबर हे त्यावरचे उपाय आहेत.

सह्याद्रीचा बेसॉल्ट खडक विजेला चांगलाच विरोध करतो. मातीचा थर पातळ असलेल्या जागी चांगली भूजोडणी मिळवणे म्हणूनच अवघड जाते. मान्सूनपूर्व वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा हा दोष उघड होतो. वीज थेट संगणकावर पडावी लागत नाही. दूर पडलेल्या विजेने तारांत उठलेली लाटही नेटवर्कचे भाग जाळण्यास पुरते. तडितरक्षकासोबत लाट-प्रतिबंधक साधने वीज व संदेश अशा दोन्ही मार्गांवर लागतात, आणि सर्व भूजोड एकमेकांना जोडलेले असावे लागतात. संगणकासाठी ‘स्वच्छ’ असा वेगळा, न जोडलेला भूजोड खोदण्याची सूचना अजूनही ऐकू येते. ती चुकीची आणि धोकादायक आहे, कारण वीज पडताना दोन भूजोडांतील विभवांतर संगणकातूनच वाट शोधते.

प्लॅस्टिक फिल्मच्या कारखान्यांत रुळांवरून वेगाने धावणारी फिल्म घर्षणाने भारित होते आणि कित्येक हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार साठतो. आयन सोडणाऱ्या दांड्या लावून तो घालवतात. कोरड्या हिवाळ्यात हा त्रास वाढतो, तर पावसाळ्यात दमट हवेमुळे कमी होतो. इगतपुरीच्या ओलाव्याची ही एक जमेची बाजू म्हणावी लागेल.

गंजकारक वायू

सांडपाणी प्रक्रिया, आसवन्या आणि कागद उद्योग यांच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड असतो. नाकाला जेमतेम जाणवेल एवढ्या प्रमाणातही तो तांबे व चांदी यांचे सल्फाइड बनवतो. २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर मंडलफलकांवर चांदीचा मुलामा वाढला आणि हा प्रश्न तीव्र झाला. आयएसए ७१.०४ या मानकात तांब्याची पट्टी महिनाभर हवेत ठेवून तिच्यावर चढलेल्या थराच्या जाडीवरून परिसराचे वर्ग ठरवतात. ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर असल्यास हवा सौम्य समजली जाते.

भारतातील नियमन

१९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३७ ने स्फोटक किंवा ज्वालाग्राही धूळ, वायू इत्यादींबाबत खबरदारी बंधनकारक केली. महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. पेट्रोलियम नियम, २००२ नुसार धोक्याच्या क्षेत्रातील विद्युत उपकरणे मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारची असावी लागतात. हे नियंत्रक ज्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे प्रमुख असतात, तिचे मुख्यालय नागपूर येथे आहे. धनबाद येथील केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेत अशा उपकरणांच्या चाचण्या होतात. तांत्रिक तपशील आयएस/आयईसी ६००७९ मालिकेत, तर क्षेत्रवर्गीकरण आयएस ५५७२ मध्ये दिले आहे. युरोपातील ॲटेक्स किंवा आंतरराष्ट्रीय आयईसीईएक्स प्रमाणपत्र असले, म्हणून भारतातील मान्यता आपोआप मिळत नाही.

देखभाल

प्रमाणपत्र उपकरणाला ते ज्या स्थितीत तपासले गेले त्या स्थितीपुरते असते. ज्वालारोधक पेटीला जागेवर आणखी एक छिद्र पाडून नेटवर्कची केबल आत घेतली, तर प्रमाणपत्र निरर्थक होते. न वापरलेल्या छिद्रात प्रमाणित गुडदीऐवजी चिकटपट्टी लावणे, ग्लँडचा आकार केबलच्या जाडीशी न जुळणे, बाहेरून आणलेले साधे पडदे आतल्या जुन्या पडद्याच्या जागी बसवणे या नेहमी आढळणाऱ्या त्रुटी आहेत. आंतरिक सुरक्षित पडद्याला बाजारातला पेनड्राइव्ह किंवा चार्जर जोडला तरी परिपथाची ऊर्जामर्यादा मोडते. दुरुस्तीसाठी पेटी उघडण्यापूर्वी वीज तोडून, पेटीवर लिहिलेला अवधी थांबणे आवश्यक असते, कारण धारित्रांत भार शिल्लक असतो आणि आतले भाग तापमानवर्गाच्या मर्यादेपेक्षा गरम असू शकतात.

आयएस/आयईसी ६००७९-१७ मध्ये तपासणीचे तीन स्तर सांगितले आहेत: नुसत्या डोळ्यांनी केलेली, पेटी न उघडता जवळून साधनांनी केलेली, आणि पेटी उघडून केलेली सविस्तर. घाटमाथ्यावरील कारखान्यांत सविस्तर तपासणी मे महिन्यात, पावसापूर्वी उरकण्याची पद्धत आहे. रबरी पट्ट्या बदलणे, तापक चालतो का हे पाहणे आणि फटींना गंजरोधक ग्रीस लावणे ही कामे त्यात होतात. पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात दुसरी तपासणी केली, तरच पहिल्या तपासणीत काय सुटले होते ते कळते. ती वेळापत्रकात लिहिलेली असते, पण दिवाळीच्या मागणीच्या हंगामात यंत्रे थांबवण्यास परवानगी मिळणे कठीण असते.